झाकणाखालचा शेजारधर्म

ठाण्याला तलावांचे शहर म्हटले की ठाणेकर अशी मान डोलावतात, की मासुंदा त्यांनीच सुट्टीच्या दिवशी बसून खणला असावा. पूर्वी इथे साठ तलाव होते असे जुने लोक सांगतात; आता पस्तीसच्या आसपास उरलेत. उरलेल्यांना भाव आहे. उपवनकडे किंवा कचराळीकडे खिडकी उघडत असेल तर बिल्डर चौरस फुटामागे वेगळा दर लावतो, त्याला ‘लेक व्ह्यू’ म्हणतो, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला उजवा गाल चिकटवून उभे राहिल्यावर पाण्याचा जो हातभर तुकडा दिसतो, त्याचे हप्ते आपण वीस वर्षे भरतो. तलावालाही आपली इमारत दिसत असते, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही. त्याला दिसते ती मागची बाजू. तिथे बंद पडलेला जनरेटर असतो, फुटक्या कुंड्या असतात, मागच्या निवडणुकीचा बॅनर असतो आणि जमिनीखाली सेप्टिक टँक असतो.

हे सगळे ठाण्याच्या हद्दीत असते तेव्हा त्याला निदान एकच महापालिका असते. कल्याण-शीळ रस्त्याला लागलात की प्रकरण रंगतदार होते.

त्या बाजूला एका तलावाकाठी दोन इमारती आहेत. त्यांची नावे सांगत नाही. नाव सांगितले तर तिथले फ्लॅट विकले जाणार नाहीत आणि लोक माझ्या दारात येतील. एकीला ‘अ’ म्हणू, दुसरीला ‘ब’. बिल्डरने दोन लगतचे तुकडे घेतले, दोन इमारती उठवल्या आणि सेप्टिक टँक मात्र एकच बांधला, दोन्हींच्या मधोमध. अर्धी टाकी ‘अ’च्या दुचाकींखाली आणि अर्धी ‘ब’च्या गणपतीच्या मंडपाखाली. इथपर्यंत त्याचे कौतुकच करायला हवे, कारण दोन छोट्या टाक्यांपेक्षा एक मोठी टाकी चांगले काम करते. पुढे दोन्ही इमारतींच्या दोन स्वतंत्र गृहनिर्माण संस्था नोंदल्या गेल्या, बिल्डर दुबईला की पनवेलला गेला याबद्दल दोन मते पडली, आणि जमिनीचे अभिहस्तांतरण राहून गेले. फ्लॅटच्या करारनाम्यात टाइल्सचा आकार आहे, नळाची कंपनी आहे, गच्चीत लावायच्या चिनी मोझेकचा उल्लेख आहे. टाकी मात्र कुठल्याच करारनाम्यात नाही. ती फक्त नकाशात आहे, तुटक रेघांचा एक आयत होऊन. गेली कित्येक वर्षे दोन्ही संस्थांमध्ये तिच्याविषयी कुणी काही विचारले की एकच उत्तर येते: “नकाशात आहे.”

टाकी कशी असावी हे सरकारला नीट ठाऊक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. आयएस २४७० नावाचे भारतीय मानकच आहे. रुंदी किमान ७५ सेंटीमीटर, पाण्याची खोली किमान एक मीटर, क्षमता किमान हजार लिटर, लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट. टाकीतून बाहेर पडणारे पाणी जिथे जमिनीत मुरते ती जागा पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर आणि घरापासून किमान सहा मीटर लांब हवी. डोंबिवलीत सहा मीटरमध्ये आणखी एक इमारत, एक पोळीभाजी केंद्र आणि दहावीचा क्लास बसतो. शिवाय इमारत १५ मीटरच्या आत असेल तर टाकीचा हवा सोडायचा पाइप तिच्या माथ्यापेक्षा दोन मीटर उंच न्यावा लागतो. हा पाइप आमच्या भागातल्या बहुतेक गच्च्यांवर दिसतो. त्याला आधी अँटेना बांधला होता, मग डिश आली. सध्या त्याला पापड वाळवायच्या साडीचे एक टोक बांधलेले असते. पाइप कशाचा, हे विचारायची पद्धत नाही.

मुळात ही वस्तू फ्रान्समधली. लुई मूरा नावाच्या गृहस्थाने १८६० च्या सुमारास घराचे सांडपाणी एका बंद टाकीत सोडले. बऱ्याच वर्षांनी झाकण उघडले तेव्हा आत गाळ जवळजवळ नव्हताच. त्याने १८८१ मध्ये पेटंट घेतले. पुढे इंग्लंडात एक्सेटरच्या डोनाल्ड कॅमेरॉनने तिचे ‘सेप्टिक टँक’ असे बारसे केले. आणि १८९७ च्या सुमारास आपल्या माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात अशाच टाकीतला वायू गोळा करून वापरलासुद्धा गेला. म्हणजे मुंबईकरांनी यात जगाच्या पुढे पाऊल टाकले होते. नंतर ते पाऊल कुठे पडले ते पावसाळ्यात चालणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मूरा यांच्या टाकीने एक गैरसमज मात्र जगभर पसरवला: टाकी एकदा बांधली की आतला माल आपोआप नाहीसा होतो. ‘अ’ आणि ‘ब’ या दोन्ही संस्थांची आजवरची सगळी इतिवृत्ते याच श्रद्धेवर उभी आहेत.

आता मंजुरीकडे येऊ. टाकीला मंजुरी कोणी दिली?

कल्याण-डोंबिवली महापालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी झाली तेव्हा आसपासची सत्तावीस गावे तिच्यात घेतली. गावकऱ्यांना ते रुचले नाही. आंदोलने झाली आणि २००२ मध्ये गावे बाहेर पडली. ग्रामपंचायती पुन्हा आल्या. २००६ मध्ये नियोजनाचे अधिकार एमएमआरडीएकडे गेले. १ जून २०१५ रोजी गावे पुन्हा महापालिकेत. २०२० मध्ये त्यातली अठरा वगळली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. गावे आत येत होती आणि बाहेर जात होती. या सगळ्या धामधुमीत जागची हलली नाही ती टाकी. तिच्यावरून ग्रामपंचायत गेली, प्राधिकरण गेले, महापालिका आली. पलीकडच्या गल्लीत एमआयडीसीचा निवासी विभाग आहे, तिथे आणखी वेगळे राज्य. महापालिकेच्या प्रभागांना अ, ब, क, ड, जे, फ, ह, ग, आय, ई अशी अक्षरे आहेत. सांडपाण्याची फाइल हातात घेऊन ‘ई’ प्रभाग कुठे म्हणून विचारायला फार मजा येते.

‘अ’चे सेक्रेटरी एकदा एका कार्यालयात गेले होते. कोणत्या, ते त्यांनाही आता नक्की सांगता येत नाही. तिथला संवाद त्यांनी सभेत जसाच्या तसा करून दाखवला.

“परवानगी कोणाची?”

“ग्रामपंचायतीची, साहेब.”

“मग तिथून दाखला आणा.”

“ग्रामपंचायत आता राहिली नाही.”

“तिचं दप्तर?”

“तुमच्याकडे वर्ग झालंय म्हणतात.”

“आमच्याकडे असतं तर तुम्हाला आणायला सांगितलं असतं का?”

या युक्तिवादापुढे भलेभले गप्प होतात. सेक्रेटरी खाली येऊन कटिंग प्यायले आणि ६.०७ ची लोकल पकडून घरी आले.

त्यांना दोष देता येत नाही, कारण या पट्ट्यात कागद असणे हीही खात्री नसते. डोंबिवली परिसरातल्या पासष्ट इमारतींच्या बांधकाम परवानग्याच बनावट निघाल्या; त्यांवर महारेराची नोंदणीही झालेली होती, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. तिथे राहणाऱ्यांवर जे ओढवले त्यावर विनोद करण्यासारखे काही नाही. एवढेच वाटते की त्या बनावट नकाशांतही तुटक रेघांचा आयत अगदी मापात काढलेला असणार.

आणि परवानगी खरी असली तरी ती कशाची असते? टाकी बांधायची. खोली मोजतात, रुंदी मोजतात, भोगवटा प्रमाणपत्र देतात आणि झाकण लावतात. त्यानंतर ती कोणी, कधी, कोणाच्या पैशाने उपसायची, याचा रकाना फॉर्ममध्ये नाही. बारशाला सगळे हजर असतात, पुढचे कुणी विचारत नाही.

ती भरली, तेव्हा प्रश्न निघाला. भरली म्हणजे जुलैत भरली. या टाक्या कायम जुलैत भरतात. पावसाळ्यात तलाव काठोकाठ येतो, जमीन पाण्याने फुगते, आणि शोषखड्डा शोषायचे सोडून घेतलेले परत द्यायला लागतो. ‘ब’च्या तळमजल्यावरच्या वहिनींना न्हाणीघरात त्याची पहिली पोच मिळाली. तेव्हा दोन्ही संस्थांची संयुक्त सभा बोलावण्यात आली. अशी सभा पूर्वी कधीही झाली नव्हती. कोजागिरीसुद्धा दोन गच्च्यांवर वेगवेगळी व्हायची, आणि दुधात कोणाच्या किती बदाम होते याचे गुप्त अहवाल येत.

विषय होता खर्चाची वाटणी. ‘अ’मध्ये बारा फ्लॅट, वन बीएचके. ‘ब’मध्ये सोळा, टू बीएचके, प्रत्येकात दोन संडास. ‘अ’चे म्हणणे पडले की वाटणी संडासांवर व्हावी. ‘ब’चे म्हणणे, माणसांवर, कारण त्यांच्याकडच्या चार फ्लॅटांतली मुले बंगळुरूला आणि पुण्याला गेली होती, आणि दुसरे संडास आता कपाटासारखे वापरले जात होते. एकाने तिथे दिवाळीचे कंदील ठेवल्याचे फोटो दाखवले. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका लिटरचा हिशेब घेऊन आले होते. त्यांनी माणशी पाणी, गुणिले माणसे, वजा शनिवार-रविवारी गावी जाणारे, असे करत गणित फळ्यावर मांडले. मधूनच एक तरुण उठला. म्हणाला, मी सकाळी ६.४० च्या फास्टने जातो, रात्री दहाला येतो, माझा बहुतेक व्यवहार बीकेसीत होतो, मी पूर्ण वर्गणी का द्यावी? त्याला टाळ्या पडल्या. मग रोज बीकेसीत जाणारे आणखी सात जण उभे राहिले. त्यांतले तीन, सर्वांना ठाऊक होते, घरून काम करत होते.

“पण टाकी आमची आहे असं कोण म्हणतं?” ‘अ’च्या चेअरमननी मूळ मुद्दा काढला. “झाकण तुमच्या बाजूला आहे.”

“झाकण आमच्या बाजूला, पण उतार तुमच्याकडून येतो,” ‘ब’चे चेअरमन म्हणाले.

इथे ‘अ’मधले वकील उठले. हे गृहस्थ दिवाणी न्यायालयात असतात आणि सभेत बोलताना खुर्चीला ‘माय लॉर्ड’ म्हणायचे थोडक्यात आवरतात. त्यांनी भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ आणला होता. कलम १५ : एखादी सोय वीस वर्षे उघडपणे, शांततेने आणि हक्काने, खंड न पडता वापरली तर ती हक्काचीच होते. म्हणजे ‘अ’चा मैला ‘ब’च्या हद्दीत जायचा हक्क जवळजवळ पिकला आहे. एवढ्यावर ते थांबते तर बरे होते. त्यांनी कलम २८ वाचले. त्यात हवा किंवा पाणी दूषित करण्याचा वहिवाटीने मिळालेला हक्क किती, याचे माप दिलेले आहे : वहिवाट सुरू झाली तेव्हा जेवढे दूषित करत होता, तेवढेच. खोटे वाटेल, पण व्हिक्टोरिया राणीच्या काळातला हा कायदा अजून जागेवर आहे. मधल्या काळात १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा आला, हे वकिलांनी वाचले नाही. बहुधा ती पाने चिकटली असावीत.

“म्हणजे पहिल्या दिवशी आपण किती जण होतो ते बघायचं का?” रेल्वेकाकांनी खडू उचलला.

सभेतला सर्वांत समजूतदार शब्द ‘ब’च्या आजींचा होता. मैल्याची गाडी बोलवायची ठरत असताना कुणीतरी आग्रह धरला की एवढे पैसे देतोय तर टाकी तळापर्यंत खरवडून घ्या. मानक सांगते की थोडा जुना गाळ आत राहू द्यावा, म्हणजे नव्यात जंतू लवकर धरतात. ते काकांनी वाचून दाखवले, कुणालाही पटेना. आजी म्हणाल्या, “विरजणाला ठेवतो ना आपण? सगळं दही खाऊन टाकलं तर उद्याचं कशाने लावणार?” सभेला हे एकमताने पटले. मात्र नंतर चहाबरोबर आणलेल्या दहीवड्यांना कुणी हात लावला नाही.

गाडी आली त्या दिवशी दोन्ही इमारतींच्या सगळ्या खिडक्या बंद आणि सगळी मुले खाली. जाड पाइप झाकणातून आत गेला, पंप घरघरला, चालकाने दोनदा विचारले की अजून एक खेप लागेल, कोणाच्या नावावर मारू? दोन्ही सेक्रेटरी एकमेकांच्या पाठीमागे जायचा प्रयत्न करत होते. गाडी भरून निघाली. ती कुठे गेली हे विचारावे असे कुणाच्या डोक्यात आले नाही. ती शुद्धीकरण केंद्रावर जायला हवी, हे २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात लिहिलेले आहे. तलावाकडचा रस्ता डावीकडे जातो आणि गाडी उजवीकडे वळली, एवढे पाहून सगळ्यांनी खिडक्या उघडल्या.

गाडी निदान होती. जिथे ती गल्लीत शिरत नाही किंवा महाग वाटते, तिथे अजून कुणाला तरी आत उतरवले जाते, आणि ते कुणी ‘अ’ किंवा ‘ब’मधले नसते. मे २०१९ मध्ये ठाण्यात ढोकाळीला एका गृहसंकुलाची टाकी साफ करताना तीन कामगार गेले. त्याआधी नोव्हेंबर २०१८ मध्ये कल्याणला नेतिवलीत एका विहिरीत सफाईला उतरलेला माणूस वर आला नाही. त्याच्यामागून दोघे, आणि त्यांना काढायला गेलेले अग्निशमन दलाचे दोन जवान, असे पाच जण वायूने मेले. २०१३ च्या कायद्याने माणसाला असे उतरवणे गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई तीस लाख केली. सभेत दुसऱ्या खेपेच्या पैशांवरून घासाघीस चालली होती तेव्हा ‘एक माणूस स्वस्तात मिळतो’ असे कोपऱ्यातून कुणीतरी म्हणाले होते. कोण म्हणाले ते इतिवृत्तात नाही.

असे सगळीकडेच असते असे मात्र नाही. साताऱ्यातल्या वाईत आणि नाशिकजवळच्या सिन्नरला नगरपरिषदेने टाक्या उपसायचे वेळापत्रकच केले आहे. तीन वर्षांतून एकदा गाडी दारात येते. टाकी भरली म्हणून नव्हे, पाळी आली म्हणून. गाडीतला माल शहराबाहेरच्या प्रक्रिया केंद्रात जातो. घासाघीस नाही, कलम २८ नाही. वाईकरांकडे ढोल्या गणपती आहे, कृष्णेचे घाट आहेत, आणि टाकीची तारीखही ठरलेली आहे, हे ऐकून आमच्या सभेत काही क्षण शांतता पसरली. मग एकाने विचारले, “वाईला फ्लॅटचा काय रेट आहे?”

‘ब’च्या खजिनदारांचा मुलगा अमेरिकेत मिशिगनला असतो. तिथे अकरा हजारांहून जास्त तलाव, आणि काठाकाठाने घरे. खजिनदारांनी व्हिडिओ कॉल लावून अमेरिकेचा आदर्श सभेपुढे ठेवायचे ठरवले होते. मुलाने सांगितले, “बाबा, सेप्टिकसाठी राज्यभर एकच कायदा नसलेलं अमेरिकेतलं हेच एक राज्य आहे. सगळं काउंटीवर.” खजिनदारांचा चेहरा उतरला, बाकीच्यांचे चेहरे उजळले. पण पुढे तो म्हणाला की दोन घरांत एक टाकी करायची तर काउंटीचे आरोग्य खाते आधी विचारते, देखभाल कोण करणार ते लिहून द्या. आणि काही काउंट्यांत घर विकताना टाकी तपासून घ्यावी लागते. हे ऐकल्यावर ज्यांचे फ्लॅट विक्रीला होते त्या दोघांनी नेटवर्क खराब असल्याचे सांगून कॉल तोडला. आपल्याकडे फ्लॅट विकताना संस्थेला हस्तांतरण शुल्क द्यायचे, पंचवीस हजारांच्या वर नाही, आणि झाकणावरून गाडी लावून निघून जायचे.

यंदा एप्रिलमध्ये बातमी आली की रस्त्यात भुयारी गटार टाकणार. खरोखरच खड्डे पडले, पाइप आले, पाइपांत कुत्र्यांनी पिल्ले घातली. जोडणी मिळाली की टाकीचे काम संपणार, ती रिकामी करून, भरून, बुजवायची. वर्षानुवर्षे जिला कुणी आपली म्हटले नाही तिची जागा आता मोकळी होणार, आणि ती जागा निघाली चार मोटारींची.

दुसऱ्या दिवशी ‘अ’च्या चेअरमनना ग्रामपंचायतीच्या दाखल्याची झेरॉक्स सापडली. जी साहेबांना आणि दप्तराला मिळाली नव्हती, ती त्यांच्या लोखंडी कपाटात, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात होती. टाकी ‘अ’च्या नावे मंजूर असल्याचे त्यावर स्पष्ट होते. ‘ब’च्या चेअरमननी मोजणी अधिकाऱ्याला बोलावून फीत धरली; झाकण त्यांच्या बाजूला असल्याचे पुन्हा सिद्ध झाले. वकिलांनी तोच अधिनियम आणि तेच कलम १५ काढून वीस वर्षांच्या उघड, शांत आणि अखंड वापराचा दाखला दिला. बीकेसीत व्यवहार करणारा तरुणही पुढे आला; आपण या टाकीचा पूर्ण वापर केला असून वाहनतळात समान वाटा मिळावा, असा त्याचा लेखी अर्ज आहे. रेल्वेकाकांनी माणशी लिटरचा जुना हिशेब पुसून माणशी चौरस फूट लिहायला घेतले आहे. झाकणावर रविवारी पहाटे ‘अ’ने पांढऱ्या रंगाने ‘राखीव’ असे लिहिले. सातपर्यंत ‘ब’ने त्यावर स्कूटर लावली होती.